डाव्या विंगेतली वही : 'शापित' नाटकाच्या पडद्यामागचा एक उन्हाळा

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका हौशी नाट्यसंस्थेचं आहे. संस्था आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. मी या नाटकाची रंगमंच व्यवस्थापक होते. खाली ज्या निर्णयांची उलटतपासणी केली आहे, त्यातले बरेचसे माझेच आहेत.

नाटक शेक्सपिअरचं 'मॅकबेथ'. पाच आठवडे तालीम आणि मग आठ प्रयोग. नाट्यगृह आम्हाला सलग मिळालं होतं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून तालमी खऱ्या रंगमंचावर, खऱ्या पायऱ्यांवर आणि धुराच्या मशीनसकट सुरू झाल्या. पडद्यामागे आम्ही सहा जण होतो. सगळ्यात लहान होता 16 वर्षांचा एक मुलगा. सुट्टीत काहीतरी वेगळं शिकायचं म्हणून आलेला. नाटक त्याने तोवर फक्त खुर्चीत बसून पाहिलं होतं. कामाला चोख, बोलायला कमी, सांगितलेलं विसरायचा नाही.

पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात एक शंभर पानी वही ठेवली. "जे घडेल ते लिही. कोण कुठून आत गेलं, काय पडलं, काय हरवलं, कुणाला काय लागलं. वेळ घालून लिही," असं सांगितलं. प्रत्येक नवख्याला मी हे सांगते. त्याने ते मनावर घेतलं आणि रोज लिहिलं. ती वही रोज वाचणं हे माझं काम होतं. ते मी केलं नाही, आणि या प्रकरणाचं मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे.

नाटक शापित आहे, त्याचं नाव घेतलं की अपघात होतात, ही नाटकाभोवतीची समजूत बहुतेकांना ऐकून माहीत असते. नाट्यगृहात असताना, तालीम किंवा प्रयोगातले संवाद सोडून, 'मॅकबेथ' हे नाव तोंडातून काढायचं नाही. इंग्रजी रंगभूमीवरची मंडळी त्याला 'स्कॉटिश नाटक' म्हणतात. चुकून नाव घेतलंच तर बाहेर जायचं, स्वतःभोवती तीन गिरक्या घ्यायच्या, थुंकायचं, एखादी शिवी हासडायची आणि दार ठोठावून आत येण्याची परवानगी मागायची. ठिकाणागणिक तपशील बदलतात, पण दार ठोठावणं सहसा चुकत नाही. आमच्याकडे ही रीत पाळली जायची ती माईंमुळे. माई म्हणजे पहिली चेटकीण करणाऱ्या आमच्या ज्येष्ठ अभिनेत्री. त्यांना सगळेच माई म्हणतात. अत्यंत शिस्तीच्या, वेळेच्या पक्क्या, आणि या एका बाबतीत ठाम.

मुलाला यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

सहावा दिवस

सहाव्या दिवशी संध्याकाळी विंगेत तलवारी लावताना त्याने मोठ्याने विचारलं, "ताई, मॅकबेथची तलवार कुठल्या खाचेत?"

सगळीकडे एकदम शांतता झाली. मग कुणीतरी हसलं, कुणीतरी "अरे देवा" म्हटलं. माई खुर्चीवरून उठल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मागच्या दाराशी घेऊन गेल्या आणि काय करायचं ते नीट समजावून सांगितलं. त्याने लाजत लाजत केलं. गिरक्या घेतल्या, दार ठोठावलं, आतून माईंनी दार उघडलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

इथे पहिला निर्णय होता आणि तो घेतोय हे मला कळलंही नाही. त्या टाळ्यांनी मुलाला दोन गोष्टी शिकवल्या: तुझ्या हातून काहीतरी घडलं आहे, आणि ते निस्तरणं तुझ्याकडे आहे. तासाभराने उजव्या बाजूचा एक फ्लॅट, म्हणजे नेपथ्याची उभी चौकट, आडवा झाला. मागचा आधाराचा दांडा कुणी कसला नव्हता. कुणाला लागलं नाही. पण फ्लॅट पडल्यावर चार-पाच नजरा त्या मुलाकडे वळल्या. त्या मी पाहिल्या आणि पुढच्या कामाला लागले.

अडचण कशी वाढत गेली

पुढच्या दोन आठवड्यांत बारीकसारीक अपघात होत राहिले. सैनिकाचं काम करणाऱ्या एकाच्या बोटाला तलवारीने कापलं. बाराव्या दिवशी तालीम चालू असताना एका बाजूचे दिवे गेले. तेराव्या दिवशी कढईच्या प्रवेशातून बाहेर पडताना माई डाव्या विंगेच्या तोंडाशी घसरल्या आणि मनगट मुरगळलं. लेडी मॅकबेथच्या झग्याची किनार पायरीच्या खिळ्यात अडकून फाटली. या घटना सुट्यासुट्या पाहिल्या तर कुठल्याही नाटकात घडतात. पण आता त्यांना ओवणारा एक दोरा मिळाला होता.

पंधराव्या दिवशी मी सगळ्यांना बसवून शापाचा इतिहास सांगितला. मला वाटलं, खरं काय ते कळलं की विषय मिटेल. हे नाटक साधारण 1606 चं. पहिल्याच प्रयोगाच्या वेळी लेडी मॅकबेथ करणारा हॅल बेरिज नावाचा मुलगा मेला, ही शापाची सगळ्यात लाडकी कथा आहे. ती मॅक्स बीअरबोम या लेखकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रचली आणि जॉन ऑब्री या जुन्या चरित्रकाराच्या नावावर खपवली. ऑब्रीच्या लिखाणात तसं काही नाही, आणि त्याचा जन्मच 1626 चा. 10 मे 1849 ला न्यूयॉर्कच्या ॲस्टर प्लेसमध्ये या नाटकाच्या प्रयोगावरून दंगल झाली, किमान 22 माणसं गेली. पण ती पेटली इंग्लिश नट मॅक्रेडी आणि अमेरिकन नट फॉरेस्ट यांच्या चाहत्यांच्या वैरातून, आणि त्यामागे वर्गाचा आणि देशाभिमानाचा राग होता. सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, माणसं त्यांनी मेली. 1937 मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात नट लॉरेन्स ऑलिव्हिएच्या अगदी जवळ वरून एक जड वजन पडलं. 1947 मध्ये ओल्डहॅमच्या कोलिझियममध्ये हॅरॉल्ड नॉर्मन या नटाला शेवटच्या द्वंद्वात खरोखरची जखम झाली आणि पुढे तो त्यातच गेला. यातली वजनाची आणि तलवारीची गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण त्या खऱ्या आहेत आणि त्यांची कारणं डोळ्यांना दिसणारी आहेत.

सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी माई म्हणाल्या, "तू सांगतेस ते खरंच असेल गं. पण पडले ती मी ना?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर असायला हवं होतं: माई, तुम्ही कशावरून घसरलात? तो प्रश्न तेव्हा मी विचारला नाही. मी शाप खोडून काढण्यात इतकी गुंतले की शापाच्या जागी काय ठेवायचं याचा विचारच केला नाही. माणूस पडलं की त्याला कारण हवं असतं. मी त्यांच्याकडून एक कारण काढून घेत होते आणि बदल्यात शंभर वर्षांपूर्वीचा लेखक देत होते.

या सगळ्यात मुलाचं काय चाललं होतं? एका नटाने त्याच्या हातून तलवार घ्यायचं बंद केलं. तो स्वतःच खाचेतून काढून घ्यायचा आणि हसत म्हणायचा, "तू जरा लांबच थांब रे." दुसऱ्याने त्याचं बघून तेच सुरू केलं. चेष्टाच होती, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. मुलगाही हसायचा. मध्यंतरात तो सगळ्यांबरोबर बसेनासा झाला, विंगेतल्या खोक्यावर वही घेऊन बसायला लागला. मला वाटलं, लिहितोय, चांगलं आहे.

चोविसावा दिवस

त्या दिवशी पहिल्यांदा सगळे दिवे, धूर आणि वेशभूषा यांच्यासह सलग तालीम होती. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात बँकोचा खून होतो. मारेकऱ्यांच्या झटापटीत मशाल विझते आणि त्या काळोखात बँकोचा मुलगा फ्लीअन्स निसटतो. अंधार इथे संहितेतच आहे. आणि या नाटकाच्या धोक्याबद्दल बोलताना हे विसरलं जातं की ते आधी कुठे व्हायचं. 1611 मध्ये सायमन फोरमन या ज्योतिषाने लंडनच्या ग्लोब थिएटरात पाहिलेल्या प्रयोगाची टिपणी उपलब्ध आहे. ग्लोबचा मधला भाग उघडा होता आणि खेळ दिवसाउजेडी व्हायचे. हातात मशाल आली की प्रेक्षकांनी रात्र समजायची. नटांना पायाखालचं सगळं दिसत होतं. काळोख खरा झाला तो आपल्या दिव्यांनी. आपण तो कळ दाबून आणतो, आणि त्यात तलवारी घेतलेली माणसं पळवतो.

आमच्या रचनेत फ्लीअन्स डाव्या विंगेतून चार पायऱ्या उतरून बाहेर पळायचा. ही भूमिका 19 वर्षांची एक मुलगी करत होती. पायऱ्यांशी आमचा मुलगा विजेरीचा झोत जमिनीवर टाकून उभा असायचा. त्याचं त्या प्रवेशातलं तेवढं एकच काम.

त्या दिवशी तो तिथे नव्हता.

नंतर त्याने सगळं सांगितलं. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला हेडसेटवर बोलताना त्याच्या तोंडून ते नाव गेलं होतं. संवाद म्हणून नव्हे, "मॅकबेथ उजवीकडून" असं सांगताना. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण तो घाबरला. आपल्याकडे चार मिनिटं आहेत असा हिशेब करून तो मागच्या दाराने बाहेर गेला, गिरक्या घेतल्या, थुंकला आणि दार ठोठावलं. ते दार बाहेरून उघडत नाही. रंगमंचावर ढोल वाजत होते. त्याची थाप कुणालाही ऐकू आली नाही.

दिवे गेले. फ्लीअन्स पळाली. झगझगीत उजेडातून एकदम काळोखात आल्यावर पहिले काही क्षण माणूस जवळजवळ आंधळा असतो, डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तिला शेवटची पायरी दिसली नाही. घोटा दुमडला, अस्थिबंध ताणला गेला. डॉक्टरांनी दोन आठवडे पाय टेकवू नका असं सांगितलं.

वहीत त्या रात्रीची नोंद अशी आहे: "अंक 3, प्रवेश 3. 8.47. फ्लीअन्स डाव्या पायऱ्यांवर पडली. उजवा घोटा. मी जागेवर नव्हतो." शेवटच्या वाक्याखाली दोनदा रेघ ओढलेली आहे.

समोर असलेले पर्याय

त्याच रात्री दिग्दर्शक, संस्थेचे कार्यवाह, तलवारबाजी बसवणारे प्रशिक्षक आणि मी असे चौघे बसलो.

पहिला पर्याय कार्यवाहांचा होता: मुलाला घरी पाठवावं. त्यांनी तो काळजीनेच मांडला. मुलावर ताण आहे, कलाकार बिथरलेत, त्याला सन्मानाने मोकळं करू. वरवर पाहता दोघांच्याही भल्याचं. पण त्याचा अर्थ सगळ्यांनी एकच घेतला असता, की शापाचं कारण बाहेर काढलं. आणि त्या मुलाने तो अर्थ जन्मभर बाळगला असता. मी याला विरोध केला. खरं सांगायचं तर काही मिनिटं मलाही तो मोह झाला होता, कारण त्यामुळे माझ्यापुढचे प्रश्नही संपणार होते.

दुसरा पर्याय दिग्दर्शकांचा: शापाचं नाव काढायला सक्त बंदी, विधी बंद. माझ्या पंधराव्या दिवसाच्या व्याख्यानाचं काय झालं ते मी त्यांना सांगितलं. बंदी घातली असती तर विधी चोरून झाले असते. चोरून झालेल्या विधीचा परिणाम त्याच रात्री आम्ही पाहिला होता.

तिसरा, प्रयोग पुढे ढकलणं किंवा धूर आणि द्वंद्वं कमी करणं. हा सगळ्यात सुरक्षित, आणि त्यावर आम्ही सगळ्यात कमी वेळ बोललो. नाट्यगृहाच्या तारखा ठरलेल्या होत्या म्हणून आम्ही तो पटकन बाजूला सारला. आज मला ते चुकीचं वाटतं. निदान कारणं सापडेपर्यंत दोन दिवस धूर बंद ठेवायला काहीच हरकत नव्हती.

चौथा मुद्दा प्रशिक्षकांनी मांडला, आणि तोही पर्याय म्हणून नव्हे. ते म्हणाले, "आत्तापर्यंत नेमकं काय काय झालंय, हे कुणी एका जागी लिहिलंय का?"

मी वही आणायला गेले. मुलगा अजून विंगेतच बसला होता. म्हणाला, "ताई, मी उद्यापासून नाही येत." मी त्याला म्हटलं, "उद्याचं उद्या बघू. आत्ता ही वही मला वाचून दाखवशील?"

वहीत काय होतं

त्या रात्री आम्ही रंगमंचाचा आराखडा खडूने जमिनीवर काढला आणि तो वाचत गेला तसतशी एकेक फुली मारत गेलो. एकूण 12 नोंदी होत्या. त्यातल्या 7 डाव्या विंगेच्या तोंडाशी किंवा तिथल्या चार पायऱ्यांवर. 2 तलवारीच्या. उरलेल्यांत एक न कसलेला फ्लॅट, एक दिवे गेल्याची, एक फाटलेली किनार.

फुल्या मारून झाल्यावर प्रशिक्षकांनी त्याला विचारलं, "तू नाव घेतलंस ते कधी?"

"सहाव्या दिवशी."

"मग या तीन कुठल्या?"

पहिल्या तीन नोंदी दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवसाच्या होत्या. डाव्या विंगेत दोघं घसरले होते आणि एका तलवारीने बाही फाटली होती. सगळं नाव घेण्याच्या आधीचं. त्याच्याच अक्षरात, वेळेसकट. मुलगा बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला. माझं व्याख्यान जे करू शकलं नाही ते त्या तीन ओळींनी केलं.

डाव्या विंगेचं कारण दुसऱ्या दिवशी सापडलं. धुराच्या मशीनचं तोंड तिथेच होतं. त्या द्रावणात पाणी आणि ग्लायकोल असतं. तोंडाजवळ धूर सगळ्यात दाट आणि ओला असतो, आणि तो जमिनीवर बसला की डोळ्यांना न दिसणारा बुळबुळीत थर तयार होतो. फरशी आम्ही रोज पुसत होतो. चार वाजता. मशीनची चाचणी पाच वाजता होत होती. म्हणजे सहाच्या तालमीला कलाकार नेमके ताज्या थरावरून चालत होते, आणि पुसून घेतलंय म्हणून आम्ही निश्चिंत होतो. मुलाने गुडघ्यावर बसून फरशीवरून पांढरा रुमाल फिरवला. रुमाल ओला झाला नाही, पण बोटांत धरल्यावर चिकटसर लागत होता. तो रुमाल त्याने माईंना नेऊन दाखवला. माईंनी बोटं त्यावर घासली, मग विंगेत जाऊन चप्पल काढून अनवाणी पाय फरशीवर घासून पाहिला. काही बोलल्या नाहीत.

पायऱ्यांची आणखी एक गोष्ट होती. कडांना अंधारात चमकणारी टेप लावलेली होती, तरी ती दिसत नव्हती. ही टेप उजेड साठवून ठेवते आणि मग हळूहळू सोडते, तिला आधी उजेड पाजावा लागतो. डाव्या विंगेतले कामाचे दिवे आम्ही वातावरण जमावं म्हणून तालमीच्या तासभर आधीच घालवत होतो. टेप उपाशीच राहत होती.

तलवारींचं कारण प्रशिक्षकांनी शोधलं. पात्यांना धार नव्हती, पण एकमेकांवर आपटून कडांना बारीक कुसळं उठली होती. ती बघायची पद्धत त्यांनी मुलाला शिकवली: पात्याच्या कडेवरून कापसाचा बोळा हलकेच ओढायचा, जिथे तंतू अडकतो तिथे कुसळ. मग कानस.

काय केलं

फरशी पुसायची वेळ मशीनच्या चाचणीनंतर आणली आणि मध्यंतरात पुन्हा एकदा पुसणं सुरू केलं. मशीनचं तोंड मागे सरकवून वर उचललं. विंगेत पायापाशी मंद निळे दिवे लावले. टेपवर प्रयोगाआधी अर्धा तास कामाचा दिवा ठेवला. प्रत्येक प्रयोगाआधी सगळी द्वंद्वं एकदा संथ आणि एकदा पुऱ्या गतीने करून बघायची, ही व्यावसायिक रंगभूमीवरची जुनी रीत आम्ही वेळेअभावी सोडली होती. ती परत आणली. आणि एक नियम केला: काळोखातली जागा कुणी सोडणार असेल तर आधी दुसऱ्याच्या हातात विजेरी द्यायची, तोंडाने सांगायचं आणि समोरच्याने "घेतली" म्हणायचं. त्याशिवाय हलायचं नाही, कारण काहीही असो.

हे सगळं सोपं होतं. अवघड होता विधीचा प्रश्न.

मी माईंकडे गेले. बंदीची भाषा केली नाही. एवढंच सांगितलं की मुलगा दाराबाहेर अडकला होता आणि म्हणून ती पोर पडली. ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं तो कुठेतरी रेंगाळला होता. त्यांचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी त्याला शिकवलं ते."

मार्ग त्यांनीच काढला. प्रयोगाच्या अर्धा तास आधी, द्वंद्वांची उजळणी व्हायच्या अगोदर, ज्याला करायचं त्याने काय ते बाहेर जाऊन करून यावं. दार उघडायला माई स्वतः आत उभ्या राहतील. त्यानंतर पडदा पडेपर्यंत कुणी काहीही उच्चारलं तरी जागा सोडायची नाही. त्यांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं, आणि त्यांनी सांगितलं म्हणून ते पाळलं गेलं. माझा त्या शापावर विश्वास नाही. पण त्यांचा आहे, आणि विश्वास ठेवणाऱ्या माणसाला सुरक्षिततेच्या बाजूला आणता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. दिग्दर्शकांना ही तडजोड वाटली. मला आजही ती योग्य वाटते.

मुलाला ठेवलं. फक्त काळोखातल्या जागेवर पुढचे दहा दिवस त्याच्याबरोबर एक मोठं माणूस उभं केलं. रोज तालीम संपल्यावर दहा मिनिटं वही सगळ्यांसमोर वाचायची, हे काम त्याच्याकडे दिलं. पहिल्या दिवशी त्याचा आवाज कापत होता.

काय झालं

आठही प्रयोग झाले. फ्लीअन्सचं काम दुसऱ्या मुलीने केलं. मूळ मुलगी शेवटच्या दोन प्रयोगांना कुबडी घेऊन विंगेत येऊन बसली. आठ प्रयोगांत वहीत दोन नोंदी झाल्या: एका सैनिकाच्या अंगठ्याला चरा, आणि शेवटच्या अंकात सैनिक हातात धरतात त्यातली, बर्नमच्या जंगलाची एक फांदी वेळेआधी मोडली. डाव्या विंगेत कुणी घसरलं नाही.

पण सगळं सुरळीत झालं असं मी लिहू शकत नाही. ज्या दोघांनी त्याच्या हातून तलवार घेणं सोडलं होतं, त्यातल्या एकाने खडूच्या फुल्या बघितल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याची माफी मागितली. दुसरा शेवटच्या प्रयोगापर्यंत स्वतःच्याच हाताने खाचेतून तलवार काढत राहिला. पुराव्याने सगळेच हलतात असं नाही.

आणि मुलाच्या आईला हे सगळं कळलं ते मुलाकडून, माझ्याकडून नाही. तिने मला फोन केला. ओरडली नाही. म्हणाली, "तो तीन आठवडे रात्री झोपत नव्हता. तुम्हाला कुणालाच दिसलं नाही का?"

काय वेगळं करता आलं असतं

वही रोज वाचली असती तर पाचव्या दिवशीच डावी विंग लक्षात आली असती. हे मी सगळ्यात वर लिहिते, कारण बाकी सगळं त्यानंतर येतं. घटना लिहून घेणारी आणि न वाचणारी व्यवस्था ही न लिहिणारीपेक्षा वाईट, कारण काळजी घेतल्याचं समाधान तेवढं मिळून जातं.

समजूत पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती, मोठ्यांनी, साध्या शब्दांत: अशी अशी रीत आहे, काही जण ती मानतात, तुझ्या तोंडून नाव गेलं तर कुणाचंही वाईट होणार नाही. दोन मिनिटांचं काम. आपण नवख्याला ते सांगत नाही, कारण त्याची फजिती बघायला मजा येते. त्या मजेचं ओझं त्या मुलाने तीन आठवडे वाहिलं.

16 वर्षांच्या मुलाला काळोखातल्या जागेवर एकट्याने उभं करायचा निर्णयही माझाच. तो जबाबदार होता म्हणून मी केला. पण जबाबदार असणं वेगळं आणि घाबरल्यावर कुणाला सांगायचं हे माहीत असणं वेगळं. त्याच्या जागी दुसरं कुणी असतं तर हेडसेटवर म्हणालं असतं, "मला दोन मिनिटं बाहेर जायचंय." त्याला ते सुचलं नाही, कारण बाहेर जाण्याचं खरं कारण सांगायची लाज वाटत होती. ती लाज आम्ही निर्माण केली होती.

इतिहास सांगायचाच तर पहिल्या आठवड्यात, कुणी पडायच्या आधी. पडल्यानंतर माणसाला पडण्याचं कारण शोधून द्यावं. बीअरबोम नंतर.

आणि आईला फोन. तेराव्या दिवशी, मुलगा एकटा बसायला लागला तेव्हा. निदान चोविसाव्या रात्री, बैठकीआधी.

मुलाने पुढच्या उन्हाळ्यात यायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही. वही माझ्याकडे आहे. शेवटच्या प्रयोगाच्या रात्री सामान आवरून झाल्यावर त्याने ती माझ्या हातात दिली. शेवटचं पान असं आहे:

"प्रयोग 8. फरशी 5.20 ला पुसली, मध्यंतरात पुन्हा पुसली. टेपला दिवा दाखवला. माईंनी 6.00 ला दार उघडलं, पाच जण आत आले. अंक 3, प्रवेश 3 : विजेरी माझ्याकडे. फ्लीअन्स चार पायऱ्या उतरून गेली. पडदा 9.31."